गावचा देव आणि इंदूरचे आपण : अनुभव धागा

चंपाषष्ठी जवळ आली म्हणून हा धागा. आपल्यापैकी बहुतेकांचं गाव पणजोबांच्याच काळात सुटलं; देव मात्र सुटलेला दिसत नाही. गावच्या देवळाचं, पालखीचं, जत्रेचं जे स्वतः पाहिलंय तेवढंच लिहा. ऐकीव चमत्कार नकोत, ते व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर येतात.

सुरुवात मीच करते. आमचा देव जेजुरीचा खंडोबा. होळकरांचाही तोच, नीरेकाठच्या होळ गावचं घराणं, म्हणून तर इथे राजवाड्यातही मल्हारी मार्तंड. आषाढापासून बंद असलेलं वांगं आमच्याकडे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला सुटतं. भरीत, रोडगा, ठोंबरा, कांद्याची पात. स्वयंपाकाचं काही नाही हो, अडचण तळीची. ताम्हणात भंडारा, खोबरं, सुपारी घेऊन पाच जणांनी मिळून उचलायची, आणि फ्लॅटमध्ये पुरुष दोनच. मग वरचे सिंधी काका, समोरचे जैन भाऊ आणि त्यांचा मुलगा. 'येळकोट येळकोट' हे तिघं आमच्यापेक्षा जोरात म्हणतात. भरताला जैन भाऊ हात लावत नाहीत, त्यांच्यासाठी पेढा.

राजेंद्रनगरातून –
आमचं गाव रत्नागिरीकडचं. ग्रामदेवता वर्षभर देवळात, शिमग्यात मात्र पालखीत बसून आपल्या दाराशी येते. गेल्या वर्षी पोचलो आणि बघतो तर घराची चाबी इंदूरलाच राहिलेली. (गावचे हसतात, "चाबी नाही ग, किल्ली!") पालखी अंगणात, ढोल वाजतायत, आणि आम्ही पडवीतच ओटी भरली. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं त्यात आमच्या घराचं नाव आलं, पाठोपाठ "इंदुरास असतात" हेही. म्हणजे देवीला नवा पत्ता कळवून झाला.

सुदामानगरातून –
माझं सासर वाईजवळचं बावधन. भैरवनाथाचं बगाड रंगपंचमीला आणि इंदूरची गेरही, म्हणजे राजवाड्यावरची रंगांची मिरवणूक, नेमकी त्याच दिवशी! लग्नानंतर पहिल्या वर्षी जीव राजवाड्यावर होता नि पाय सासरी. होळीला कौल लागेल तो बगाड्या. रंगपंचमीला कृष्णेकाठच्या सोनेश्वरापासून दगडी चाकांचा लाकडी गाडा निघतो, उंच शिडाला बगाड्या बांधलेला, आणि शेताशेतातून बैल बदलत बदलत गावात पोचतो. बैलांचं मला वाईट वाटतं, तेही लिहिते. नणंदेला तसं म्हटलं तर म्हणाली, "वहिनी, तुमच्या गेरीत माणसं चेंगरतात, त्याचं आधी बोला."

रामबागेतून –
माझी तक्रारच आहे. आजोळच्या देवळाचा जुना लाकडी सभामंडप पाडून फरशा बसवल्या. काळ्या दगडाच्या दीपमाळेला गुलाबी ऑइलपेंट. त्रिपुरी पौर्णिमेला तिच्या हातांवर पणत्या ठेवायला आम्ही पोरं खांद्यावर चढायचो. आता वर विजेची माळ आहे. वर्गणी मीही दिली होती, हे आणखी वाईट.

वरच्याला उत्तर –
दादा, रंगाचं पटलं. पण मंडपाचं लाकूड कुजलं होतं तेव्हा आपण कुठे होतो? आमच्या गावी पावसात कीर्तन बंद पडायचं, ऐकणारी दहा-बारा म्हातारी माणसं भिजायची. इंदुरात बसून जुन्या लाकडाची हौस करणं सोपं आहे. दीपमाळेचा रंग खरवडून काढता येतो, आम्ही काढला. दोन मे महिने गेले.

वैशालीनगरातून –
आमचं गाव महाराष्ट्रात नाहीच, देपालपूरच्या बाजूला आहे. खापरपणजोबांनी बांधलेलं छोटं राममंदिर. गावात मराठी घर आता एकही नाही, पण रामनवमीला दुपारी बाराच्या ठोक्याला पाळणा हलतो आणि सगळा माळवी गाव मराठीत आरती म्हणतो. शब्द बरेच झिजलेत, चाल जागची हललेली नाही. म्हाताऱ्या पटेलबांना अर्थ विचारला तर म्हणाले, "अरथ तो रामजी जाने." सुंठवड्याला मात्र अजून पंजीरीच म्हणतात.