सोसायटीची ईमेल लिस्ट बंद करायची का?

*बी-७०१:* नमस्कार. मी बंगलोरला असतो, सोसायटीचं सगळं मला मेलवरच कळतं, पण गेल्या महिन्यापासून लिस्टवरून एकही मेल नाही. आज भाडेकरूने फोन करून सांगितलं की लिफ्ट बदलायची चर्चा जोरात चालू आहे. मला लिस्टमधून कोणी काढलंय का?

*सेक्रेटरी ताई:* नाही हो दादा, कोणी कशाला काढेल. सी-३०२, जरा बघतोस का रे?

*डी-४०३:* ती लिस्ट बंदच करा ना आता. कधी मेल स्पॅममध्ये जातो, कधी येतच नाही. सगळे या ग्रुपवर आहेत, इथेच बोलू.

*सी-३०२:* बघितलं. दादा, तुम्हाला माणसाने नाही, सॉफ्टवेअरने बंद केलंय. तुमचा पत्ता एकदम ठीक आहे. कसं झालं ते जरा सविस्तर लिहितो, कारण हे उद्या कोणाचंही होऊ शकतं.

ए-१०२ काकांचा मेल ज्या कंपनीकडे आहे तिने डीमार्क नावाची पॉलिसी कडक लावली आहे. म्हणजे आमच्या पत्त्यावरून आलेला मेल एकतर आम्ही मान्य केलेल्या सर्व्हरवरून आलेला हवा नाहीतर त्यावरची आमची डिजिटल सही शाबूत हवी, दोन्ही नसेल तर घेऊ नका. खोटे मेल अडवायला हे चांगलंच आहे, माझी त्याला काही हरकत नाही. पण काका लिस्टला लिहितात तेव्हा तो मेल सगळ्यांना आपला लिस्टचा सर्व्हर पाठवतो, म्हणजे पहिली अट गेली. आणि आपण विषयाच्या आधी कंसात सोसायटीचं नाव घालतो, खाली लिस्टची एक ओळ जोडतो, तर सीलबंद पाकीट फोडून आत चिठ्ठी सरकवावी तसं होतं, सही मोडते. दुसरी अटही गेली. मग समोरची मेल कंपनी म्हणते हा काकांच्या नावाने कोणी भलताच पाठवतोय, आणि परत करते.

आणि तो परत आलेला मेल काकांकडे जात नाही, लिस्टकडे येतो. आपण लिस्ट चालवायला मेलमन नावाचं सॉफ्टवेअर वापरतो, ते हिशोब ठेवतं की बी-७०१ च्या पत्त्यावर मेल बाउन्स झाला, म्हणजे परत आला. दिवसाला एकच धरतं, पण असे ५ झाले की त्याला वाटतं हा पत्ता मेला, आणि ते मेल पाठवणं थांबवतं. म्हणजे लिहिलं काकांनी, त्यांना वाटतंय सगळ्यांना पोचलं, आणि बंद झाले बी-७०१, ज्यांनी काहीच केलेलं नाही.

*ए-१०२:* अरे पण मी तर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल लिहीत होतो फक्त. मी आता लिस्टवर लिहू नको का?

*सी-३०२:* काका, तुम्ही लिहायचंच. सेटिंग लिस्टचं बदलायचंय, तुमचं नाही. हे जगभर झालेलं आहे. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या सगळ्या पत्त्यांना ही रिजेक्ट पॉलिसी लावली, त्याच महिन्यात एओएल या दुसऱ्या मेल कंपनीनेही लावली, कारण त्यांच्या पत्त्यांच्या नावाने खोट्या मेलचा पूर आला होता. तोवर अशी पॉलिसी बँका वगैरे लावायच्या, साध्या माणसांच्या रोजच्या पत्त्यांना कोणी लावत नव्हतं. लिस्टा चालवणाऱ्यांना सकाळी उठून कळलं की एका याहूवाल्याने मेल लिहिला की भलतेच शेकडो लोक लिस्टमधून गळतायत. हे लोक बहुतेक आपल्यासारखे फुकट काम करणारे, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची लिस्ट, आजाराच्या पेशंटची लिस्ट, असं चालवणारे. मला त्याचाच राग येतो, नियम बदलतात मोठ्या कंपन्या आणि निस्तरतात हे.

*बी-२०४ काकू:* मग २०१४ चं आत्ता का बोंबललं बाळा?

*सी-३०२:* कारण नियम कडक होत चाललेत काकू. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांसाठी नवीन अटी आणल्या, मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने हॉटमेल आउटलूकसाठी आणल्या. गूगलची सगळ्यात कडक अट त्यांच्या जीमेल पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना आहे, आपण त्याच्या जवळपासही नाही. पण पाठवणारा सर्व्हर खरा आहे हे डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या, नोंदीत दाखवणं छोट्यांनाही लागू आहे. आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा म्हणतात.

*बी-२०४ काकू:* स्पॅम दाबलं की फक्त आपल्याकडचा मेल जातो ना?

*सी-३०२:* नाही काकू, तुमच्या मेल कंपनीकडे लिस्टची तक्रार जाते. हिशोब करा, आपण लिस्टवर १४० जण, एका मेलवर एकाने जरी दाबलं तरी ०.७ टक्के. पार्किंगच्या वादाला कंटाळून कोणी ते बटण दाबतं आणि मग पाण्याच्या टँकरचा मेल बाकीच्यांच्या स्पॅममध्ये जातो. कंटाळा आला तर मला सांगा, मी नाव काढतो, पण ते बटण नको. सगळ्यांना हात जोडून विनंती.

*डी-४०३:* एवढं करण्यापेक्षा इथेच बोललेलं सोपं नाही का?

*सी-३०२:* रोजचं पाणी, गॅस, कुरियर इथेच बोलू. पण २०१७ साली गच्चीसाठी कोणी काय कोटेशन दिलं होतं आणि ते आपण का नाकारलं हे तू इथे शोधून दाखव. लिस्टच्या आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या मेलच्या साठ्यात आहे, मी काल काढून काकांना पाठवलं. तू ३ वर्षांपूर्वी आलास, तुलाही ते सगळं वाचता येतं. उद्या रिडेव्हलपमेंटचं निघालं की हेच लागणार आहे. शिवाय बाहेर राहणारे २० मालक आहेत, त्यातले निम्मे या ग्रुपवर नाहीत.

आणि दुसऱ्याच्या जागेवर सगळं ठेवलं की काय होतं तेही बघ. याहू ग्रुप्स या याहूच्या लिस्ट सेवेवर लोकांच्या वीस वर्षांच्या चर्चा होत्या, त्यांनी आधी जुना मजकूर काढून टाकला आणि १५ डिसेंबर २०२० ला अख्खी सेवाच बंद केली. ज्यांनी आधी उतरवून घेतलं त्यांचं वाचलं.

*सेक्रेटरी ताई:* मला पटतंय. फक्त एक, एजीएम ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे आणि १४ दिवस आधी नोटीस. ती नोटीस आपण दरवेळेसारखी वेगळी देणारच आहोत, लिस्टवर अवलंबून नाही, पण चर्चा लिस्टवर होते म्हणून त्याआधी हे नीट व्हायला हवं. काय करायचं ते सांग.

*सी-३०२:* दोन रस्ते आहेत. एक, मेलला हातच लावायचा नाही, कंसातलं नाव आणि खालची ओळ दोन्ही काढायचं, म्हणजे सही सहसा टिकते. मला हा आवडतो.

*बी-२०४ काकू:* कंसातलं नाव नको काढू रे. मी तेच बघून मेल उघडते, नाहीतर जाहिरातींच्या गर्दीत दिसायचा नाही.

*ए-१०२:* मी पण.

*सी-३०२:* मग दुसरा. मेल पाठवणारा म्हणून लिस्टचाच पत्ता दिसेल, नाव असं येईल, "ए-१०२, सोसायटी लिस्टतर्फे". मेलवर लिस्टची स्वतःची सही असेल, त्यामुळे काकांच्या कंपनीच्या पॉलिसीचा प्रश्नच येणार नाही. कंसातलं नाव राहील. तोटा एकच पण मोठा, कोणाला एकट्याला उत्तर द्यायचं असेल तर रिप्लाय दाबल्यावर वर पत्ता कोणाचा आलाय ते बघूनच पाठवा, नाहीतर मेंटेनन्स थकल्याचं खासगी बोलणं सगळ्या सोसायटीला जाईल. काकूंसाठी आपण हाच घेऊ.

बी-७०१ दादा, तुम्हाला परत चालू केलंय, तुमच्यासारखे अजून ११ जण बंद झालेले दिसतात, त्यांनाही करतो. महिनाभरातले मेल आर्काइव्हमध्ये आहेत, लिंक पाठवतो.

*बी-७०१:* टेस्ट मेल आला. स्पॅममध्ये होता, नॉट स्पॅम केलं. थँक्यू रे.

*खजिनदार:* डोमेन कोणाच्या नावावर आहे? रिन्यूअलचं बिल कधी माझ्याकडे आलेलं आठवत नाही.

*सी-३०२:* जुन्या कमिटीतल्या एकांच्या वैयक्तिक खात्यावर आहे, तेच दरवर्षी भरतात. ते सोसायटीच्या नावावर करून घ्या प्लीज, लॉगिन निदान दोघांकडे हवं, तुम्ही आणि सेक्रेटरी ताई. आर्काइव्हची एक कॉपी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दर तिमाहीला मी उतरवून ठेवेन.

*सेक्रेटरी ताई:* रविवारच्या कमिटी मीटिंगमध्ये घेते. तू पण ये, साडेदहाला, ऑफिसमध्ये.

*सी-३०२:* येतो. येताना त्या ११ जणांचे फ्लॅट नंबर आणतो, त्यांना फोन करून सांगावं लागेल.