ग्रह आणि गायडिंग, दोन्हीला एकच कॅमेरा चालेल का?

रात्रपाळी: ८ इंची एससीटी (श्मिट-कॅसेग्रेन दुर्बीण) आहे, एफ/१० (फोकल लांबी व्यासाच्या दहापट). गुरू-शनीचे व्हिडिओ काढायचेत, पुढे डीप स्कायला (तेजोमेघ, दीर्घिका) गायडिंगपण (लांब एक्स्पोजरमध्ये एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण नेमकी धरणं) करायचंय, दोन कॅमेरे परवडत नाहीत. कलर घेऊ की मोनो (कृष्णधवल)?

काळाचष्मा: चालतो की. ग्रहांचं एक्स्पोजर काही मिलिसेकंदांचं, तिथे गायडिंग लागतच नाही, मग दोन्ही कामं एकदम येतातच कुठे? फक्त यूएसबी ३ बघ, २ वर फ्रेम रेट रडतो.

दवबिंदू: माझा आयएमएक्स ४६२ सेन्सरचा कलर कॅमेरा आहे. गायडिंगला मोनोच बरा, कलर सेन्सरवरचा रंगीत बायर फिल्टर प्रकाश खातो, पण तारे मिळतात बऱ्यापैकी. पिक्सेल २.९ मायक्रॉन, ग्रहांसाठी एफ-आकडा त्याच्या पाचपट धरला तर एफ/१४.५, म्हणजे १.५एक्स बार्लो (फोकल लांबी वाढवणारं भिंग) पुरे. आणि गाइडस्कोपवर (गायडिंगची छोटी दुर्बीण) फोकसची खूण पेनाने करून ठेव, मी दरवेळी अर्धा तास घालवायचो.

रात्रपाळी: कलरच घेतो मग, मोनोला रंगांसाठी फिल्टर बदलत बसणं आपल्याला नाही जमायचं.