‘शमन’, ‘दमन’ की ‘नियमन’? फुप्फुसाच्या दाहाविषयी

इन्फ्लुएन्झाच्या (फ्लूच्या) संदर्भात इंग्रजीतील ‘इन्फ्लमेशन’साठी ‘फुप्फुसाचा दाह’ म्हणावे की ‘शोथ’, या प्रश्नाचे उत्तर पुढे कोणते क्रियापद येणार यावर अवलंबून आहे, असे मला वाटते. ‘दाह’ हा शब्द ‘दह्’ म्हणजे जाळणे या धातूपासून आला आहे, तर ‘शोथ’ फुगण्याशी निगडित आहे; मराठी विश्वकोशात ‘शोथ’ या शब्दापुढे ‘दाहयुक्त सूज’ असा खुलासा वारंवार आढळतो, तो दोन्ही अर्थ सांभाळण्यासाठीच असावा. या आजाराच्या तीव्र अवस्थेत वायुकोशांमध्ये (फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये) द्रव आणि पांढऱ्या पेशी साचून प्राणवायू रक्तात पोहोचणे अवघड होते, म्हणून विकृतीचे नाव या नात्याने ‘शोथ’ चपखल बसतो. मात्र सूज उतरते आणि दाह शमतो. त्यामुळे प्रक्रिया आणि तिच्यावरचे नियंत्रण सांगायचे असेल तेव्हा मी ‘दाह’च निवडेन.

खरी अडचण हे ‘नियंत्रण’ कोणत्या शब्दाने सांगायचे येथे येते: ‘दमन’, ‘शमन’ की ‘नियमन’? अवयवरोपणानंतर औषधे देऊन प्रतिकारसंस्थेला दडपले जाते, त्याला ‘दमन’ म्हणणे योग्य आहे, परंतु इन्फ्लुएन्झात जे घडते ते वेगळे आहे. विषाणूने ग्रासलेल्या पेशी नष्ट करणाऱ्या मारक टी पेशी (प्रतिकारसंस्थेतील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) फुप्फुसात ऐन लढ्याच्या काळात इंटरल्युकिन-१० हे दाह कमी करणारे प्रथिनही स्रवतात, असे उंदरांवरील संशोधनातून २००९ साली दिसून आले. त्या प्रथिनाचे कार्य रोखले असता दाह बळावून उंदीर दगावले. म्हणजे आग लावणारा एक आणि विझवणारा दुसरा, अशी विभागणी येथे नाही. (प्रतिकारसंस्थेला लगाम घालणाऱ्या ‘नियामक’ टी पेशीही दाह आटोक्यात ठेवतात आणि ऊतींच्या दुरुस्तीला हातभार लावतात, पण तो त्यांचा नावाजलेला गुण आहे.) ‘मारक’ हे विशेषण खोटे नसले तरी त्या पेशीचे अर्धे काम झाकून टाकते, आणि ‘दमन’ म्हटले की दडपणारा कोणी बाहेरचा आहे असा समज होतो, जो येथे सरळसरळ चुकीचा ठरतो.

‘शमन’ जवळचा आहे, तरीही त्यात दाह पूर्ण निवल्याची छटा आहे, आणि तसे वेळेआधी झाले तर विषाणूचे फावेल. शास्त्रीय लेखनात म्हणूनच ‘दाहनियमन’ ठेवावे. सर्वसाधारण वाचकासाठी मला ‘आवर घालणे’ हा प्रयोग अधिक नेमका वाटतो, कारण आपण मनाला आवर घालतो तेव्हा आवरणारा आणि आवरला जाणारा एकच असतो: ‘विषाणूशी लढणाऱ्या टी पेशीच फुप्फुसातील दाहाला आवर घालतात.’