आकडा वर पाठवायचा की आधी गावात वाचायचा?

निवृत्त एमओ (वैद्यकीय अधिकारी), बीड (धागा सुरू)

महिना संपला की उपकेंद्राचा अहवाल पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात), तिथून तालुक्याला, मग जिल्ह्याला जातो. हे आकडे भरायचं सरकारी एचएमआयएस पोर्टल २००८ पासून आहे. इतकी वर्षं आपण आकडे वर पाठवतोय, पण ज्या सिस्टरने ते लिहिले तिच्यासोबत बसून कुणी वाचले का? माझं ठाम मत आहे की अहवाल निघायच्या आधी त्याच केंद्रात अर्धा तास वाचला गेला पाहिजे.

पेंटा या लहान लेकरांच्या लसीचे तीन डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात. समजा पहिला ४० लेकरांना मिळाला आणि तिसरा ३० जणांना, तर गळती २५ टक्के. १० च्या वर गेली की काहीतरी बिघडलंय असं धरतात. दोन्ही आकडे आपल्याच रजिस्टरात असतात, त्याला उद्दिष्ट लागत नाही की जनगणना.

माझ्या केंद्रात आम्ही ही गळती महिन्यावार कागदावर काढून भिंतीला लावली. पहिल्या डोसाची एक रेघ, तिसऱ्याची दुसरी. दिवाळीनंतर दोन्ही रेघांत अंतर पडलेलं दिसलं. त्याआधी आम्ही शेऱ्यात 'पालक निष्काळजी' लिहायचो, त्याची मला आजही लाज वाटते. ऑगस्टच्या मध्याला जन्मलेलं लेकरू सप्टेंबरअखेर पहिला डोस घेतं आणि तिसऱ्याच्या तारखेला आईसोबत सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या फडात असतं. दोन डोसांत चार आठवडे लागतात, म्हणून घाई करता येत नाही. पण ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी घरोघर जाऊन कार्ड सोबत द्यायला, पुढची तारीख ठळक लिहायला आणि कुठल्या कारखान्यावर चाललात ते विचारून ठेवायला येतं. आम्ही ते केलं.

उपकेंद्रातली सिस्टर, परभणी

सर, तुमचा अर्धा तास कुठून काढू? एका गरोदर बाईचं नाव मी आधी रजिस्टरात लिहिते, मग माता-बालकांच्या आरसीएच पोर्टलवर, लेकरू झालं की लसीकरणाच्या यू-विनवर. तीस वर्षांच्या पुढच्यांची बीपी-शुगरची नोंद वेगळ्या ॲपवर. रेंज नसली की रात्री घरी बसून भरते.

आणि वाचलं तर काय होतं ते सांगते. एका आढावा बैठकीत मी सहा बाया तीव्र रक्तक्षयाच्या दाखवल्या, हिमोग्लोबिन ७ च्या खाली. शेजारच्या उपकेंद्रात शून्य. तिचं कौतुक झालं आणि मला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, 'तुमच्याकडंच एवढ्या कशा?' सहाही जणींना मी स्वतः गाडीत घालून वरच्या दवाखान्यात पाठवलं होतं, ते कुणी विचारलं नाही. पुढच्या महिन्यापासून कितीतरी रजिस्टरांत सगळ्या बाया ९.८, १०, १०.२. मला हे लिहिताना वाईट वाटतंय, पण खरं आहे. आकड्यावरून कारभार करायचा म्हणजे आमच्याकडं आकड्यावरून बोलणी खायची.

डेटा मॅनेजर, लातूर

ताई, तुमच्यावर अन्याय झाला. पण त्यावर उपाय आकडे टाकून देणं हा नाही. ज्या केंद्रात महिनाभर प्रत्येक बीपी १२०/८० असतं आणि प्रत्येक हिमोग्लोबिन दहाच्या आसपास, तिथं मशीन बंद आहे, पट्ट्या संपल्यात किंवा माणसं घाबरलीत, हे कागद पाहूनच कळतं. आपल्याकडच्या गरोदर बायांत रक्तक्षय किती आहे हे सगळ्यांना माहीत असताना तीव्र रक्तक्षय 'शून्य' हीच धोक्याची खूण मानली पाहिजे. सहा दाखवणाऱ्या सिस्टरला आधी लोहाची इंजेक्शनं पुरवा आणि शून्यवालीकडं मशीन घेऊन जा. बैठक अशी झाली तर रजिस्टर खरं लिहिलं जाईल.

ऊसतोड घरातला, शिरूर कासार

तुम्ही सगळे रजिस्टरात असलेल्यांबद्दल बोलताय. माझी माय सहा महिने कुणाच्याच रजिस्टरात नसायची. गावातली सिस्टर म्हणायची 'स्थलांतरित', कारखान्याकडची म्हणायची 'बाहेरची'. २०१९ ला ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याची बातमी गाजली, मग सरकारनं समिती नेमली. ८२ हजारांवर बायांचं सर्वेक्षण झालं, त्यात १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्याआधीही दर महिन्याला अहवाल जातच होते ना? मग ते वाचणाऱ्यांना एवढं मोठं कसं दिसलं नाही? शस्त्रक्रिया खाजगीत झाल्या आणि तुमचे तक्ते सरकारी दवाखान्यापुरते. म्हणून मला या आकड्यांवर भरवसा नाही. आधी गावात फिरा, बायांशी बोला.

निवृत्त एमओ, बीड

तुमच्या मायबद्दलचं बोलणं मनाला लागलं. खाजगीचा भाग आमच्या कागदात नव्हता, हे कबूल करतो. पण भिंतीवरच्या त्या कागदामुळेच आम्ही गावात फिरलो, नाहीतर 'पालक निष्काळजी' लिहून मोकळे झालो असतो. एकाला सोडून दुसरं होत नाही.

सिस्टर, आणखी एक. जन्मदर हजारी १५ धरून ५ हजारांच्या उपकेंद्राला ७५ जन्मांचं उद्दिष्ट देतात. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, अर्धं गाव फडात गेलं, तरी ७५ तसेच राहतात. अशा टक्केवारीवरून तुम्हाला जाब विचारणं चूकच आहे. म्हणूनच मी गळती मोजायला सांगतो. तिथं छेद तुमच्या स्वतःच्या रजिस्टरातला असतो.

डेटा मॅनेजर, लातूर

सर, उद्दिष्ट अजिबात नको म्हणाल तर जी बाई नोंदणीलाच आली नाही ती कायमची लपेल. गळती फक्त आलेल्यांची सांगते. शिरूरकर दादा तेच म्हणतायत.

उपकेंद्रातली सिस्टर, परभणी

हे पटलं. दसऱ्याच्या आधी आशाताईंना घेऊन बसते. रजिस्टराच्या शेवटी दोन रकाने हातानं आखते, कारखाना आणि मुकादमाचा नंबर. कोणत्याच पोर्टलवर ते भरायची जागा नाही, तरी लिहिते. पण सर, एवढं सांगा. खरं लिहिल्यावर माझी टक्केवारी खाली आली, तर त्या बैठकीत माझ्या बाजूनं बोलायला कोण उभं राहणार?