प्लांक यांची पेटी

आइन्स्टाइन व्हायोलिन वाजवायचे हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, पण त्यांच्यासोबत वाजवणाऱ्या माक्स प्लांक या क्वांटम सिद्धांताचा पाया घालणाऱ्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाबद्दलही सांगायलाच हवं. प्लांक यांच्या बर्लिनच्या घरी मैफली व्हायच्या: आइन्स्टाइन व्हायोलिनवर, प्लांक पियानोवर. तरुणपणी संगीत की भौतिकशास्त्र, असा पेच प्लांक यांना खरोखरच पडला होता.

मला सगळ्यात भावते ती त्यांची पेटी. कार्ल आइट्झ या जर्मन संगीततज्ज्ञाच्या रचनेनुसार बनवलेल्या या हार्मोनियममध्ये एका सप्तकात तब्बल 104 स्वर होते! पेटीच्या ठरावीक, समान अंतराच्या स्वरांत सूक्ष्म श्रुती मिळत नाहीत, हा श्रुती आणि पेटीचा वाद आपल्याला चांगलाच ठाऊक आहे. प्लांक यांनी मात्र नैसर्गिक गुणोत्तरांतल्या शुद्ध स्वरांची बाजू आधीच न धरता प्रयोग केले, आणि सवयीच्या समान अंतराच्या स्वरांनाच कान पसंती देतो, असा निष्कर्ष मांडला. मला तो पूर्ण पटत नाही, पण कानाला प्रमाण मानणं फार आवडतं.

डोंगर त्यांनी म्हातारपणीही सोडले नाहीत, सत्तरी उलटल्यावरही ते आल्प्समध्ये चढत होते. घरात मात्र दुःखच दुःख: एक मुलगा 1916 मध्ये पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या व्हर्दंच्या लढाईत मारला गेला, दोन्ही जुळ्या मुली बाळंतपणात गेल्या, आणि एर्विन या दुसऱ्या मुलाला नाझींनी जानेवारी 1945 मध्ये फाशी दिलं. ते वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी येतं.