'अजस्र' की 'अजस्त्र'? आणि फ्लायव्हीलला म्हणायचं काय?

मोळीवाला
आमच्या साखर कारखान्याच्या फाटकाशेजारी जुन्या वाफेच्या इंजिनाचं फ्लायव्हील उभं करायचं ठरलंय. मिल टर्बाइनवर गेल्यापासून ते भंगारात पडून होतं. पाटीचा कन्नड मजकूर तयार आहे, मराठी माझ्या गळ्यात पडला. मी लिहिलं, 'या अजस्त्र चाकाने 40 हंगाम ऊस गाळला.' निपाणीच्या आत्यांनी (निवृत्त शिक्षिका) लाल रेघ मारली. म्हणे, एक तर 'स्त्र' नाही, 'स्र'. शिवाय अर्थ 'प्रचंड' नव्हेच, 'अखंड'. पहिलं मान्य, दुसरं पटत नाही. आणि नुसतं 'चाक' लिहिलं तर लोक बैलगाडी शोधतील. फ्लायव्हीलला चांगला शब्द सुचवा.

पाणिनीचा_पाहुणा
आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. जस् म्हणजे दमणे, थकणे. जे थकत नाही ते अजस्र. पाणिनीच्या एकाच सूत्रात नम्र, हिंस्र आणि अजस्र सिद्ध होतात, तेव्हा 'हिंस्त्र पशू' लिहिणाऱ्यांनीही कान पकडावेत. गीतेच्या सोळाव्या अध्यायात 'क्षिपाम्यजस्रम्' आहे. तिथं देव आसुरी लोकांना पुन्हा पुन्हा तसल्याच योनीत टाकतो, 'प्रचंड' टाकत नाही!

तिसरं_रेल्वेगेट
संस्कृतात असेल. मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत 22 वर्षं काढली. पहिल्या दिवशी क्युपोलाचं, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीचं, तोंड फोडलं आणि लोखंड पाण्यासारखं पाटातून आलं, तेव्हा घशाला कोरड पडली होती. डोक्यावरून क्रेन गेली तर नकळत वाकलो. त्या वेळी मनात आलेला शब्द 'अजस्त्र', तोही 'त्र'सकट. 'त्र' काढला की शब्दाचं वजन निम्मं होतं, बोलून बघा.

हलशीकर
वजनावर शुद्धलेखन ठरायला लागलं तर कठीण आहे. पण अर्थाचं बघा. गोकाकला घटप्रभा सुमारे 52 मीटरवरून पडते. श्रावणात तिला अजस्र म्हणा. चैत्रात कातळावरून चार धारा उतरतात, तेव्हा? कडा तेवढाच, उंची तेवढीच. म्हणजे अजस्रपण आकारात नाही, न थांबण्यात आहे. माझ्या मते 'अजस्र धारा', 'अजस्र प्रवाह' ऐकून ऐकूनच लोकांनी अर्थ 'मोठा' असा घेतला.

तिसरं_रेल्वेगेट
मग घेतला ना? विषय संपला.

पाणिनीचा_पाहुणा
कन्नडमध्ये हा शब्द आजही 'सतत' याच अर्थी आहे. शेजाऱ्यांनी नीट जपला, आपण घालवला.

तिसरं_रेल्वेगेट
सीमाभागात भांडायला एवढंच राहिलं होतं!

मोळीवाला
मंडळी, फ्लायव्हील.

पाणिनीचा_पाहुणा
'प्रचक्र'. तांत्रिक मराठीत आहे. पिस्टनला जसा 'दट्ट्या'.

तिसरं_रेल्वेगेट
दट्ट्या चालेल, त्यात जोर आहे. प्रचक्र म्हणजे कुठल्या देवाच्या हातातलं? लक्ष्मणराव किर्लोस्कर 1910 साली बेळगाव सोडून कुंडलच्या माळावर गेले. नांगराला नांगर म्हणाले, इंजिनाला इंजिन. कुणाचं काय अडलं?

उसाची_लेक
आमचे बाबा अशाच इंजिनखोलीत होते. तिथं मराठी असो की कन्नड, सगळे 'फ्लावील'च म्हणायचे. डबा द्यायला गेले की ते दारातच उभं करायचे. चाक अर्धं जमिनीखालच्या खड्ड्यात, अर्धं वर, आणि वरचं अर्धंच छताला भिडेल एवढं. आरे दिसायचेच नाहीत, नुसती धुरकट तबकडी. वारा यायचा. बाबा ओरडायचे, "लई वेळ बगू नको, वडतंय त्ये!" खरंच तोल गेल्यासारखं व्हायचं.

त्यांनीच समजावलं होतं, की दट्ट्या दोन्ही टोकांना जाऊन क्षणभर अडतो, तिथून त्याला पुढं काढायचं काम या चाकाचं. म्हणून सगळं वजन कडेला. हलकं असतं तर इंजिन गचके खात चाललं असतं. आणि हंगामात मिल थांबवायची नाही, थांबली की रस आंबतो. मग मला सांगा, ते चाक मोठं म्हणून अजस्र की थांबत नाही म्हणून? थांबू नये म्हणूनच तर तेवढं मोठं केलं होतं.

हलशीकर
ताई, हे छान. पण आता ते फाटकात नुसतं उभं राहणार, फिरणार नाही. तेव्हा पाटीवर अजस्र नकोच.

तिसरं_रेल्वेगेट
निवृत्त माणसाची पदवी काढून घेतात काय गा?

मोळीवाला
पेंटर उद्या सकाळी येतोय. आत्या म्हणतात, 'अखंड फिरलेले प्रचंड चाक' लिही आणि मोकळा हो. फ्लायव्हीलचं राहिलंच.

पाणिनीचा_पाहुणा
'प्रचंड' म्हणजे मुळात उग्र, कोपिष्ट. आकाराशी त्याचाही संबंध नाही.

उसाची_लेक
मग तोच घाला. बाबांना चालला असता.

तिसरं_रेल्वेगेट
पेंटर कुठला? वडगावातला असला तर माझ्या ओळखीचा आहे. 'त्र' बरोब्बर काढतो.