टायरचा व्यास बदलला की मायलेजचा हिशेबही बदलतो
रुंद टायर आणि मोठे अलॉय (मिश्रधातूची चाके) बसवल्यावर लहान गाडीचे मायलेज घटते, हे मत मला मान्य आहे. परंतु ती घट मोजताना एक गोष्ट सुटते आहे. जुन्या, १६५/८० आर १४ या मापाच्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर असतो, तर नव्या, रुंद १९५/६५ आर १५ चा सुमारे ६३५. त्यामुळे चाकाच्या प्रत्येक फेरीत गाडी अधिक अंतर कापते, पण ओडोमीटर (गाडीतला अंतरमापक) जुन्याच मापाने मोजत राहतो आणि पूर्वी जिथे १०० किलोमीटर दाखवले असते तिथे सुमारे ९८ च दाखवतो. म्हणून टाकी पूर्ण भरून हिशेब करताना अंतर जीपीएसवरून घ्यावे.

खरा तोटा ठाण्याच्या घोडबंदर रोडसारख्या कोंडीच्या रस्त्यावर होतो. माजिवड्यापासून गायमुखपर्यंतच्या कोंडीत जड चाकांना दर वेळी नव्याने गती द्यावी लागते आणि ती ऊर्जा लगेच पुन्हा ब्रेक दाबताच उष्णता होऊन वाया जाते. नवी मुंबईतल्या पाम बीच मार्गावर एकसारख्या वेगाने जाताना या वजनाचा फरक फारसा पडत नाही. आणि हा बदल विमा कंपनीला अवश्य कळवावा, कारण तो लपवल्यास दाव्याच्या वेळी अडचण येऊ शकते.